शुक्रवारचे कागद

पोलादपूर,
ता. १० फेब्रुवारी १९३४

चि. महिपती यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे. वाल झोडून झाले, यंदा दाणा बरा भरला आहे. तुझ्या वाटणीचे मोटारीतून धाडीन. तुझा खोकला कमी झाला का? त्या परळच्या धुरात उभा राहतोस तेव्हा नाकाला फडकं बांधत जा. हसू नकोस. धूर मोजणाऱ्याच्या छातीत धूर जात नाही असं थोडंच आहे?

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. उत्तराला चार दिवस लागले. मला बरं नव्हतं असं नाही. पत्र तीनदा वाचलं, चौथ्यांदा घडी उघडवेना.

पहिल्यापासून लिहिते, म्हणजे माझंही डोकं ठिकाणावर येईल. नोव्हेंबरच्या अखेरीस तू ते यंत्र बैलगाडीतून आणलंस तेव्हा अर्धा गाव बघायला जमला होता. लोहाराचा भाता, पण उलटा. हवा फुंकायची नाही, ओढायची. तोंडाशी पितळेचं कडं, कड्यात पांढरा गोल कागद, वर पत्र्याची टोपी. सहाशे वेळा भाता ओढला की हवेतली धूळ कागदावर बसते. डोळ्यांना न दिसणारी गंधकाची धूळ हवेत तरंगत असते आणि ती कशाकशाची बनलेली आहे ते तुला शोधायचं होतं. समुद्रावरून आली असेल तर तिच्यासोबत मीठ सापडेल, गिरण्यांच्या धुराड्यांतून आली असेल तर आम्ल सापडेल, आणि वाटेत जमिनीच्या वाफा घेऊन आली असेल तर नवसागरात असतो तो अमोनिया. एक यंत्र परळला ठेवलंस, दुसरं आपल्या खळ्यावर. इथे धुराडं नाही, आणि खळं उंचावर, सावित्रीकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर आहे म्हणून. गोठा जवळ नको म्हणून गुरंसुद्धा तू पलीकडच्या वाडग्यात न्यायला लावलीस.

आणि यंत्रावर सहदेवला ठेवलंस. लढाईत बसऱ्याच्या इस्पितळात बाटल्या धुता धुता साहेबांच्या कसोट्या शिकून आलेला माणूस. गावकुसाबाहेरचा आहे म्हणून चार लोकांनी नाकं मुरडली, तेव्हा तू चावडीवर म्हणालास की अस्पृश्यता ही शास्त्राला ठाऊक नसलेली गोष्ट आहे. मला तुझा अभिमान वाटला होता. मी तो बोलूनही दाखवला होता.

आता तू लिहितोस की इथल्या कागदांपैकी नऊ कागद बिघडलेले निघाले. गंधक दाखवणारा बेरियमचा थेंब टाकताच इतर दिवसांच्या चौपट पांढरा साका बसला, अमोनियाही तसाच. आधी तुला वाटलं, मुंबईचा धूर सह्याद्रीपर्यंत पोचतो हे सापडलं. रात्रभर झोप आली नाही म्हणतोस. मग आणखी कसोट्या केल्यास आणि कळलं की कागदांवर मूत्र आहे. "हे चुकून झालेलं नाही, अक्का. दर आठवड्याला एकदा, नेमाने झालं आहे. बाजारच्या दिवशी पिऊन यायचं आणि ज्या घराने वर आणलं त्याचं यंत्र भ्रष्ट करायचं." हे तुझे शब्द. त्याला काम बंद केल्याचं पत्र तू निराळं धाडलंस. चोवीस तारखेला डायरेक्टरसाहेबांपुढे अहवाल ठेवशील, त्यात त्याचं नाव असेल, आणि एप्रिलपासून मुंबईला तुझ्या प्रयोगशाळेत मिळायची होती ती कायमची जागा रद्द होईल. असा शेरा बसला की त्याला दुसरीकडेही कोणी उभं करणार नाही, हे तूच लिहितोस.

महिपती, त्याला दारू पिताना मी कधी पाहिलं नाही. एक वाटलं म्हणून विचारते. वारा फिरला तर वाडग्यातलं काही उडून येईल का? खळ्यावर मांजरं येतात. वडाला वटवाघळंही आहेत. अशा एखाद्या कारणाने तसं होत असेल का? तू शिकलेला आहेस, तुला कळेल.

माझं दुसरं पत्र येईपर्यंत अहवालात काही लिहू नकोस. एवढं माझं ऐक.

तुझी
अक्का


पोलादपूर,
ता. १२ फेब्रुवारी १९३४

चि. महिपती यास आशीर्वाद.

आज महाशिवरात्र. देवळात गेले नाही. काल सहदेव पेटी परत द्यायला आला होता, ते आधी लिहिते.

नेहमीसारखा खळ्याच्या कडेला उभा राहिला. पेटी दगडावर ठेवली आणि मागे सरला.

"अक्कासाब, मोजून घ्या. एकशेबारा कोरे कागद, दोन चिमटे, एक टोपी."

"असू दे रे. मोजायचं काय त्यात?"

"असू दे कसं? नावावर मुताचा डाग तर बसलाच हाय. चिमटा कमी भरला तर चोरीचाबी बसंल." आणि हसला. मी मोजले. कागद मोजताना बोट लागलं, तर सवयीने म्हणाला, "हात नको, चिमट्यानं."

हे तो मला पहिल्या आठवड्यापासून सांगत आला आहे. एकदा मी नवा कागद कसा मऊ लागतो ते बघायला हात पुढे केला, तेव्हा तो ओरडलाच होता, "अक्कासाब, नका! कागद बाटंल!" मग आपल्याच बोलण्याची त्याला गंमत वाटली. म्हणाला, "कुनाचाबी हात लागला तरी बाटतो ह्यो. माजा, तुमचा, लाटसायबाचा. घामात मीठ आसतं." तेव्हा मीही हसले होते. त्या दिवशी त्याने काचेच्या नळीत कागदाचं पाणी घेऊन बेरियमचा थेंब सोडून दाखवला. स्वच्छ पाण्यात धुक्यासारखं पांढरं उतरलं. मी म्हटलं, हे आपण श्वासातून आत घेतो? तो म्हणाला, "घेतो की. दिसत नाय एवडंच."

काल बांधावर शेजारची ठकूबाई उभी होती. तिथूनच म्हणाली, "काय रे सहदेवा, हवा संपली काय?"

"हवा हाय, ठकूबाय. वडनारा संपला."

ती गेल्यावर त्याने मला सरळ विचारलं, "अक्कासाब, अडीच म्हयने तुमी मला रोज बगितलंत. मी तसलं करीन, आसं वाटतं तुमाला?"

आणि मी म्हटलं, "मला काय ठाऊक? मी घरात असते."

"व्हय," म्हणाला. "तुमी घरात आसता." आणि पायवाटेने उतरून गेला.

महिपती, वटवाघळं नाहीत आणि मांजरंही नाहीत. मागच्या पत्रात मी ते लिहिलं तेव्हाच मला सगळं ठाऊक होतं.

तू नऊ तारखा लिहिल्या होत्यास. मंगळवारी दुपारी ओटीवर बसून त्या वाचल्या. उठून पंचांग काढलं. एक डिसेंबर, शुक्रवार. आठ, शुक्रवार. पंधरा. बावीस. एकोणतीस. पान उलटलं. जानेवारीच्या पाच तारखेवर बोट ठेवून मी किती वेळ बसले कोण जाणे, दूध उतू जाऊन चूल विझली तेव्हा भानावर आले. तुला दर आठवड्याचा नेम दिसला तो बरोबर आहे. शुक्रवार बाजाराचाही आहे, पण नेम माझा आहे.

शुक्रवारी संध्याकाळी बायका पोथी ऐकायला खळ्यावर जमतात हे तुला माहीत आहे. मी वाचते. विधवा बाईला गावात एवढाच एक मान आहे, आणि तो मला प्रिय आहे. यंत्र यायच्या आधी बसायची जागा नुसती झाडून घेत असू. सहदेव येऊ लागल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, तो गेल्यावर, मी वाडग्यातून वाटीभर गोमूत्र आणलं, दुर्वांची जुडी बुडवली, आणि तो जिथे जिथे बसला-उठला होता तिथे शिंपडलं. यंत्रावर जास्त, कारण त्याला तर त्याचे हात लागलेले. टोपीवर, भात्यावर, कड्यावर. कागद आतच होता, तो सकाळी काढायचा असे. नऊ शुक्रवार मी हे केलं. दोन फेब्रुवारीच्या शुक्रवारी अंगात ताप होता म्हणून पोथी झाली नाही, आणि म्हणूनच तुझी यादी सव्वीस जानेवारीला थांबते.

हे लिहायला बसले तेव्हा मनात होतं की ठकूबाईचं नाव घालावं. तिने एकदा विचारलंही होतं, "अक्का, त्या हवावाल्याच्या जाग्यावरच बसवतेस काय गो आमाला?" पण तिने विचारलं ते तिसऱ्या शुक्रवारी. पहिले दोन शुक्रवार कोणी विचारलं नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं. चावडीवर तू बोललास त्यावर मान डोलावून मी घरी आले होते, आणि माझे हात आपणहून वाडग्याकडे गेले होते. मला त्यात काही विशेष केलं असं वाटलंसुद्धा नाही. दिवा लावावा, उंबऱ्याला पाणी घालावं, तसं केलं. म्हणून तर तू तुझ्या नळ्या-बाटल्यांनी सांगेपर्यंत मला ते आठवलं नाही. याचाच धक्का मला अजून पचत नाही. मी स्वतःला चांगली बाई समजत आले रे.

तुझ्या कसोट्या चुकल्या नाहीत. कागदावर मूत्र होतं. तू त्याला भ्रष्ट केलेलं म्हणालास, आणि मी ते पवित्र करायला घातलं होतं.

आता हे तुझ्या हाती दिलं आहे. सहदेवला ताबडतोब लिही की चूक त्याची नव्हती. मी त्याच्या तोंडावर सांगू शकले नाही. तू सांग.

तुझी
अक्का


पोलादपूर,
ता. १९ फेब्रुवारी १९३४

महिपती,

तुझं उत्तर काल सकाळी मिळालं. ते तू फार मायेने लिहिलं आहेस. "अक्का, झालं ते झालं. तू जीवाला लावून घेऊ नकोस. अहवालात लिहितो की नऊ नमुने अपघाताने खराब झाले, म्हणून गाळले. सहदेवचं नाव काढतो. पण या वेळी त्याची जागा सुचवता येणार नाही, कारण सुचवली तर डायरेक्टर कारण विचारतील, आणि ते सांगितलं तर तुझं नाव येईल. चार सभांमधून अस्पृश्यतेविरुद्ध बोलणाऱ्याने, माझ्याच घरात हे झालं, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? वर्ष-दोन वर्षांनी त्याला कुठेतरी चिकटवून देऊ."

खरं सांगते, वाचून मला हायसं वाटलं. चांगला अर्धा तास हायसं वाटलं. विळीवर नारळ खवत होते, मन हलकं झालं होतं. मग एकदम हात थांबला. हा माणूस काहीही न करता जागा गमावतो आणि मी नारळ खवते आहे. मला माझी भीती वाटली. तशीच उठले, पायात वहाणा घातल्या आणि त्याच्या वस्तीकडे चालू लागले.

आपल्या खळ्यावरून त्यांच्या घरांचा धूर दिसतो. चालत गेलं तर मोजून चारशे पावलं. मी त्रेचाळीस वर्षांची झाले आणि काल पहिल्यांदा तिथे गेले.

सहदेव दारात होते. त्यांची बायको रखमा सूप घेऊन पाखडत होती, ती उठून उभी राहिली आणि मी परत येईपर्यंत उभीच होती. बसा म्हणाली नाही. त्यांची मुलगी आवडी, दहा वर्षांची असेल, भिंतीला टेकून पाटीवर काही काढत होती. मुंबईच्या शाळेसाठी तिला नवी पाटी आणलेली आहे.

मी म्हटलं, "शुक्रवारी यंत्रावर मी शिंपडत होते. गोमूत्र. ते कागदावर गेलं. तुमचा काही दोष नाही."

वाटलं, ते रागावतील. निदान चकित होतील.

"ठावं हाय," ते म्हणाले.

"केव्हापासून?"

"पयल्या शुक्रवारपास्नं. म्हंजे शनिवारी सकाळी. टोपी उचलली की वास यायचा. गाईचा वास वळकत नाय व्हय मी?"

खांबाला हात लावला. जी गोष्ट मी बारा दिवस छातीशी धरून बसले होते, ती या माणसाला अडीच महिने ठाऊक होती. दर शनिवारी त्यांनी ती टोपी उचलली होती, आणि दर शनिवारी मला रामराम करून कामाला लागले होते.

"मग साहेबांना कळवलं का नाही?"

"कळवलं की. नऊ येळा." ते आत गेले आणि शाळेची एक वही घेऊन आले. त्यांची कच्ची नोंद. मी वाचलेलं तुला जसंच्या तसं उतरून देते, कारण उतरून घेण्याची परवानगी मागितली आणि त्यांनी दिली.

"शनिवार, ता. २ डिसेंबर. काल घातलेला कागद काढला. वारा पश्चिमेचा, मंद. ढग नाहीत. ओढी सहाशे. खालच्या आळीत पाला जाळला. टोपीवर व कड्यावर गोमूत्राचे थेंब. पुसले नाहीत, पुसल्यास कागदास धक्का लागेल."

कोणी शिंपडलं ते लिहिलेलं नाही. नऊही ठिकाणी नाही. कागदांसोबत धाडायच्या तुझ्या छापील तक्त्यात शेऱ्याला रकाना नव्हता, म्हणून त्यांनी ही ओळ प्रत्येक वेळी तक्त्याच्या पाठीवर लिहून धाडली. "सायब शिकल्यालं, कागद उलटून बगतील आसं वाटलं," म्हणाले. महिपती, ते तक्ते तुझ्या टेबलाच्या खणात असतील. उलटून पाहा.

मी विचारलं, "मग त्या दिवशी खळ्यावर मला का विचारलंत? तुम्हाला तर माहीत होतं."

"तुमी काय बोलता ते बगायचं व्हतं."

रखमा तेव्हा पहिल्यांदा बोलली. "आता आल्या कशाला म्हनावं? पाटी इकायची का ठेवायची, येवडंच सांगा."

"गप गो," ते म्हणाले. पण माझ्याकडे त्यांनीही त्याच उत्तरासाठी पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "मी आता सायबाला पत्तर लिवलं तर कोन खरं मानंल? तुमचं लेखी पायजे. सहीनिशी. आनि उपकार म्हनून जागा नको. काम केलंय मी. तक्त्यावर माजी सही हाय, ती तिथंच ऱ्हावी."

तुझा बेत मी सांगितला, नऊ नमुने गाळायचा. ते पटकन म्हणाले, "गाळायचे कशापायी? कारन लिवा आनि ठेवा. ते काय आभाळातनं पडलं? इथलंच हाय ते."

परत येताना ठकूबाईने वाटेत गाठलं. "तिकडनं आलीस काय गो अक्का? न्हाल्याबिगर घरात नको जाऊ हां." मी तशीच घरात आले. यात मोठेपणा नाही. रात्रभर अंगाला काहीतरी चिकटल्यासारखं वाटत होतं आणि दोनदा मी मोरीपर्यंत जाऊन परत फिरले. हे लिहितानाही कातडी चुरचुरते आहे. एवढं सगळं कळल्यावरही चुरचुरते, महिपती. तुझ्याकडे याची काही कसोटी आहे का?

येत्या शुक्रवारी पोथीआधी बायकांना सगळं सांगणार आहे. किती जणी बसून राहतील ते बघायचं.

तुझी अडचण मला कळते. तुझ्या सभा खोट्या नव्हत्या. पण तुझ्या घराची अब्रू राखायला सहदेवची जागा जाऊ द्यायची, हे माझ्याने होणार नाही. म्हणून तुला न विचारता एक केलं आहे. बाराव्या तारखेच्या पत्रात जे तुला लिहिलं ते सारं, आणि सहदेवच्या वहीतल्या नऊ नोंदी, स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून आज सकाळी रजिस्टर पोस्टाने डायरेक्टरसाहेबांच्या नावे धाडलं. चोवीसच्या आत पोचेल. त्यात विनंती केली आहे की तक्त्यांच्या पाठी वाचाव्यात आणि निरीक्षकाच्या, म्हणजे सहदेवच्या, जागेचा निर्णय ते वाचल्यावर करावा. धाडण्याआधी एक नक्कल सहदेवना दिली. ती त्यांनी चिमट्याने नाही, हाताने घेतली आणि पूर्ण वाचून एक चूक दुरुस्त करायला लावली. ओढी साडेपाचशे लिहिल्या होत्या मी एका ठिकाणी.

तू कदाचित वर्षभर माझ्याशी बोलणार नाहीस. तेही चालेल. वाल धाडले आहेत.

अहवालात ते नऊ कागद गाळू नकोस. त्यांच्यापुढे कारण लिही, आणि कारणात माझं पूर्ण नाव घाल. हे पत्र खाजगी नाही. कोणालाही दाखव. म्हणून खाली तुझी अक्का असं लिहीत नाही.

आनंदीबाई विठोजी उतेकर,
राहणार पोलादपूर
(ज्यांच्या खळ्यावर यंत्र होते त्या)